सातवी ओळ

अहो,

दिनकरनं फिल्टर विकला नव्हता.

हे वाक्य मी दहा वर्षं मनात ठेवलं आणि आता तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. मागच्या रविवारी मेलबर्नहून ईरा आणि नीलचा फोन होता. आजी, आजोबांबद्दल काहीतरी लिहून पाठव म्हणाले. मी लगेच वही घेतली, समास आखला, जन्मगाव लिहिलं, शिक्षण लिहिलं, ट्रक कधी घेतला ते लिहिलं. चार ओळींनंतर वाटलं, हा कुठला माणूस आहे? याच्याशी माझं लग्न झालेलं नाही. तुमच्याबद्दल लिहायला मला जमत नाही. तुमच्याशी बोलायला जमतं. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. मुलं ऐकतील, मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच येऊन बसतात तशी.

तुम्ही गेल्यापासून घरात तुमचा आवाज येतो. हे मी आपल्या लेकीला, मेधाला फोनवर सांगितलेलं नाही, नाहीतर ती विमानाचं तिकीट काढेल. रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास येतो. लोक म्हणतात गेलेली माणसं वर असतात. तुमचा आवाज खालून येतो, टेबलाच्या खालून, ओट्याच्या खालून, कधी पलंगाखालून. "झालं. पुढचं." एवढंच.

मी दचकत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. कारण तुमचा नुसता आवाज ऐकायची मला सवय आहे. वर्षातून तीन-चार रविवार तुम्ही गाडीखाली आडवे असायचात आणि मी पुढच्या चाकाशी घडीच्या स्टुलावर यादी घेऊन बसलेली असायची. गुडघ्याखालचे तुमचे पाय तेवढे मला दिसत. मी ओळ वाचायची, आतून उत्तर यायचं. तुमचा चेहरा त्या दोन तासांत मी कधी पाहिलाच नाही. मग आता तरी काय वेगळं आहे, असं एखाद्या रविवारी वाटून जातं.

पंधरा दिवसांपूर्वी सोसायटीच्या ऑफिसातून प्लंबर पाठवला होता. सिंकखाली डोकं घालून तो काम करत होता. मी मागे उभी होते. काम आटोपल्यावर तो आतूनच म्हणाला, "झालं." माझ्या तोंडून निघून गेलं, "रिंग बघितलीत का?" तो म्हणाला, "कसली रिंग, काकू? वॉशर बदललाय." मी बरं म्हटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मुलांना हे कळायचं तर आधी काम सांगायला हवं. तुम्हाला यातलं काही नवीन नाही, तेवढं सहन करा.

ट्रकच्या इंजिनात बारा-तेरा लिटर ऑइल असतं. ठरावीक किलोमीटर झाले की ते जळून डांबरासारखं काळं होतं आणि बदलावं लागतं. इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग खाली चेंबरचा नट सोडायचा आणि सगळं ऑइल पसरट भांड्यात येऊ द्यायचं. बाजूला दुधाच्या बरणीएवढा एक लोखंडी डबा असतो, तो फिल्टर. तोही दर वेळी नवा घालायचा. फिल्टरच्या तोंडाशी रबराची रिंग असते. जुना फिल्टर फिरवून काढला की कधीकधी त्याची रिंग त्याच्याबरोबर येत नाही, इंजिनालाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, दिसत नाही. तिच्यावरच नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर येतात. काही वेळ सगळं ठीक वाटतं. मग एका क्षणी दाबानं ऑइल बाहेर फेकलं जातं आणि दोन-तीन मिनिटांत इंजिन कोरडं पडतं.

या कामाची यादी मी का केली, ते तुम्हाला आठवत असेल. एकदा तुम्ही चेंबरचा नट नुसता हातानं लावलात आणि चहा प्यायला गेलात. आल्यावर पाना लावायचा राहिला. नशीब, गाडी नावड्याच्या नाक्यापर्यंतच गेली होती. त्या संध्याकाळी मी तुमच्यासमोर कागद ठेवला. मी तळोज्याच्या औषधांच्या कारखान्यात कागदपत्रं तपासायचं काम करत होते. तिथे गोळीच्या प्रत्येक घाण्यामागे यादी असायची, प्रत्येक ओळीपुढे रकाना, रकान्यात सही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत. मी तुमच्यासाठी पहिली यादी इंग्रजीत टाइप करून आणली. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात की ही कोर्टाची नोटीस दिसते. मग मी मराठीत केली, तर पहिल्याच ओळीवर अडलात. "इंजिन कोमट असल्याची खात्री करणे." म्हणालात, बाई, ते इंजिन आहे, बाळाच्या अंघोळीचं पाणी नाही.

पण यादी वापरलीत. चौदा ओळी. बसवण्याआधी नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरायचं की नाही यावर आपला वाद कधीच मिटला नाही. मी म्हणायची की पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. तुम्ही म्हणायचात की पुस्तक लिहिणारा कधी गाडीखाली गेलेला नाही. नव्या ऑइलचं एक बोट रिंगेवरून फिरवायचात आणि तेच बोट बाहेर काढून मला दाखवायचात, मधासारखं पिवळं. तो रंग बघायला मला आवडायचं, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. मी म्हणायची, "आठवी झाली?" खरं सांगते, आपण सिनेमाला गेलो, गावी गेलो, लग्नकार्यं केली, पण आपण दोघं एकमेकांचं ऐकून घेत होतो ते त्या चौदा ओळींतच. तुम्ही मला त्या कामात घेतलंत. दुसऱ्या कुणी बायकोला स्टूल आणून दिलं नसतं.

ट्रक टर्मिनलवर तुम्ही माझी फुशारकी मारायचात. आमच्या हिची टिक म्हणजे दगडावरची रेघ. दिनकर हसायचा. म्हणायचा, वहिनींनी टिक केली म्हंजे यमानं सही केली.

दिनकर आपला ड्रायव्हर. नऊ वर्षं होता. करंजाड्याचा, घरी आई, बायको वनिता आणि एक मुलगा. गाडी तुमच्या नावावर, पण गाडीचा आवाज बदलला हे तुमच्याआधी त्याला कळायचं. चहात साखर कमी पडली तर सरळ उठून डब्यातून घ्यायचा, इतका घरचा.

आता तो रविवार. मुलांना त्याचा अर्धा भाग पाठ आहे, कारण तुम्हीच तो दर वाढदिवसाला फोनवर सांगायचात. तुम्ही गाडीखाली होतात. सहावी ओळ झाली होती, जुना फिल्टर काढून तुम्ही बाहेर ढकलला होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. मेलबर्नहून जावई बोलत होते. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तुम्ही एवढ्या घाईनं बाहेर आलात की कपाळ गाडीच्या पायरीवर आपटलं, आणि काळ्या हातानं फोन घेतलात. कपाळाला टेंगूळ, गालावर ऑइल, आणि तुम्ही चार लोकांना ऐकू जाईल असे म्हणत होतात, "मी आजोबा, मी आजोबा बोलतोय." ईरा, तुझ्या आजोबांचा आवाज तू ऐकलास तो असा. इथपर्यंतची गोष्ट खरी आहे आणि ती तशीच राहू दे.

पुढचा भाग आजोबांनाही माहीत नव्हता.

फोन झाल्यावर तुम्ही परत खाली गेलात. मी स्टुलावर बसले, डोळे पुसले, यादी उचलली आणि आठवी ओळ वाचली. "नव्या रिंगेला ऑइल लावणे." तुम्ही म्हणालात, "झालं. पुढचं." मी नववी वाचली. सातवी ओळ होती, "जुनी रिंग फिल्टरसोबत आली का, बघणे." ती मी वाचलीच नाही. आणि तुम्ही स्वतःहून बघाल असं नव्हतं, कारण आठवण ठेवायचं काम तुम्ही कधीच माझ्याकडे दिलं होतं.

संध्याकाळी घरी कागद फाइलला लावताना सातव्या ओळीपुढचा रकाना रिकामा दिसला. तेरा टिका आणि एक भोक. कारखान्यात कामानंतर मागाहून भरलेला रकाना मी शाई बघून ओळखायची. त्यापायी मी लोकांना मेमो दिले होते, एका चांगल्या माणसाची बढती अडवली होती. तरी मी पेन घेतलं. ज्या पेनानं सकाळी टिका केल्या होत्या तेच शोधून घेतलं. ते कशासाठी शोधलं, याचं उत्तर मला त्या क्षणीही माहीत होतं. यांनी बघितली असणारच, असं स्वतःशी म्हटलं आणि टिक केली. मग पेढे आणायला गेले.

गाडी दोन दिवस उरणच्या बाजूला बंदराच्या रांगेत उभी होती. तिसऱ्या दिवशी पहाटे दिनकरनं माल भरून ती काढली. खोपोलीच्या पुढे चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत इंजिन जाम झालं होतं. मेकॅनिकनं फिल्टर काढला आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन रिंगा तुमच्या हातावर ठेवल्या.

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. फाइल मागितलीत. सातव्या ओळीवर बोट ठेवलंत.

"रिंगेवर टिक आहे," तुम्ही म्हणालात.

"आहे," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. तेवढंच बोलले.

बाकी सगळं तुम्ही त्या टिकेवरून रचत गेलात, आणि मी समोर बसून ते रचलं जाताना बघितलं. यादी सांगते की रविवारी जुनी रिंग निघाली होती. मग आज दोन कशा? म्हणजे मधल्या दोन दिवसांत कुणीतरी फिल्टर काढला. आपण घातलेला नवा अस्सल फिल्टर विकला आणि त्या जागी स्वस्तातला बसवला, बसवताना घाईत रिंग राहिली. खोका सारखा, रंग सारखा, ड्युप्लिकेट कुणाला ओळखू येतो? रांगेत असं चालतं हे सगळ्यांना माहीत होतं. आणि दोन दिवस गाडीपाशी एकटा दिनकर होता.

तो दुसऱ्या दिवशी घरी आला. मुलाची शपथ घेतली. तुम्ही ओरडला नाहीत, नुसता कागद पुढे केलात. त्यानं एकेक ओळ बोटानं वाचली, सातव्यावर थांबला, आणि माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. ती टिक माझी आहे म्हणजे खरीच असणार, मग आपल्याच हातून काही झालं का, असं तो आठवत होता. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा दारात त्याची चप्पल नव्हती.

नंतर टर्मिनलवर बोललं गेलं. तुम्ही मुद्दाम नाही बोललात, पण कुणी विचारलं तर सांगितलंत. फिल्टर विकणाऱ्याच्या हातात गाडी कोण देईल? दोन वर्षं तो पाण्याचा टँकर चालवत होता, हे मला भाजीवाल्याकडून कळलं. रोज ठरवायची, आज सांगायचं. आधी तुमचा राग उतरू दे म्हणून थांबले. मग राग उतरला, तेव्हा वाटलं आता कशाला उकरा. नंतर नंतर तर तुम्ही मलाच म्हणायचात की बरं झालं तू यादी केली होतीस, नाहीतर मी स्वतःवरच घेतलं असतं.

हॉस्पिटलातल्या तीन दिवसांतला दुसरा दिवस. तुम्ही जरा बरे होतात, उशाशी टेकून बसला होतात. खिडकीकडे बघत म्हणालात, "दिनकर कुठे असतो आता?"

असेल कुठेतरी, मी म्हटलं.

"त्याला एकदा नीट विचारायला पाहिजे होतं. मी नुसता कागद दाखवला."

खोलीत आपण दोघंच होतो. नर्स येऊन गेली होती, पुढचं औषध दोन तासांनी होतं. इतकी सोयीची वेळ मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी तुमची चादर सरळ केली, कोपरे आत खोचले आणि म्हणाले, बरे व्हा आधी, मग विचारा. तुम्ही मान हलवलीत. माझ्या सांगण्यावर तुमचा विश्वास होता.

रविवारी खालून तुमचा आवाज येतो तेव्हा मी चौदापर्यंत मोजते. सहा वेळा "झालं" ऐकू येतं. मग गप्प होतो. किती वेळ गप्प असतो ते मी घड्याळ लावून बघितलेलं नाही, पण दूध उतू जाण्याइतका वेळ जातो. मग पुन्हा सुरू होतो. हे माझ्या मनाचे खेळ आहेत, हे मला कळतं. शिकलेली बाई आहे मी. पण त्या गप्प राहण्यात तुम्ही माझी वाट बघत असता, हेही मला कळतं.

तुम्हाला नेलं त्या दिवशी दिनकर आला होता. सगळ्यांत मागे, कुंपणाशी उभा. केस पिकलेत. माझ्यासमोर आला नाही. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यानं घेतली नाही.

गाडी विकायला काढली आहे. मेधाच म्हणाली, ठेवून काय करणार. घेणारा म्हणाला, ऑइल-फिल्टर बदलून द्या, मग बघतो. गॅरेज होतं, माणूस मिळाला असता. मी दिनकरला फोन केला. नंबर तोच होता. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी येतो."

आला. स्कूटरवरून, स्वतःचा पाना घेऊन. नावड्याच्या आपल्या नेहमीच्या मोकळ्या जागेत गाडी तुम्ही उभी केली होती तशीच होती. मी स्टूल नेलं, यादी नेली. त्यानं यादीकडे एकदा बघितलं आणि आडवा होऊन खाली गेला. मला पुन्हा नुसते पाय दिसू लागले. चप्पल वेगळी होती. मी चपलेकडे बघत वाचायला सुरुवात केली.

पहिल्या सहा ओळी कशा गेल्या ते सांगता येणार नाही. काळं ऑइल भांड्यात पडण्याचा तो जाड आवाज, तो वास, आणि आतून दर वेळी "झालं". पुढचं म्हणत नव्हता. ते तुमचं होतं.

सातवी ओळ मी वाचली. जुनी रिंग फिल्टरसोबत आली का?

"आली."

"दाखवा."

चाकामागून हात बाहेर आला. करंगळीत रिंग अडकवली होती. "ही बघा. भरवसा नाय ना अजून?" आवाजात थोडं हसू होतं, बरंचसं नव्हतं.

मी त्या हाताला सांगितलं. चेहरा दिसत असता तर जमलं नसतं. "दिनकर, त्या रविवारी ही ओळ मी वाचलीच नव्हती. फोन आला आणि राहिली. टिक संध्याकाळी घरी केली. रिंग आमच्याच हातून राहिली होती. तुम्ही काही केलं नव्हतंत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

हात तसाच राहिला. मग आत गेला. रस्त्यावरून दोन कंटेनर गेले.

"टॉर्च जरा डाव्या अंगाला धरा," तो म्हणाला.

मी धरली. त्यानं नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरलं, तुमच्यासारखंच. रिंगेला बोट लावलं, फिल्टर फिरवून बसवला. मी पुढच्या ओळी वाचल्या, त्यानं उत्तरं दिली. वर येऊन ऑइल ओतलं, इंजिन चालू केलं. लाल दिवा लागला आणि विझला. गाडी थरथरायला लागली तशी मी वाकून खाली बघितलं. का बघितलं, कुणास ठाऊक. खाली सांडलेल्या जुन्या ऑइलनं ओली झालेली जमीन होती, बाकी काही नव्हतं.

इंजिन बंद करून तो फडक्यानं हात पुसत माझ्यासमोर उभा राहिला. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलं शेठच विसरले," तो म्हणाला. "वहिनी चुकनार नाय, मग शेठच. आनि मोठा मानूस, कबूल कसं करनार? म्हनून माझ्यावर ढकललं. धा वर्सं मी शेठला मनात शिव्या दिल्या."

अहो, तुम्ही त्याला चोर समजत राहिलात आणि तो तुम्हाला भित्रा. दोघंही तसे नव्हतात. तुमच्या दोघांच्या मध्ये मी बसले होते, टॉर्च हातात घेऊन.

मी माफी मागितली. काही हवं असेल तर सांगा म्हटलं. मुलाच्या शिक्षणाचं काही असेल, गाडीच्या आलेल्या पैशांतून काही. तो नाही म्हणून मान हलवत राहिला.

"घरी या," शेवटी म्हणाला. "वनितासमोर सांगा. तिनं मला कदी विचारलं नाय, तुम्ही घेतला का म्हनून. येकदा पन नाय. विचारलं आसतं तर मी नाय म्हटलं आसतं आनि मोकळा झालो आसतो."

गुरुवारी गेले. रिक्षानं करंजाड्याला, नव्या इमारतीत तिसरा मजला. दार वनितानं उघडलं. ती जाड झाली आहे, चष्मा लागला आहे. आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. दिनकर खिडकीशी उभा राहिला, पाठ करून. मी पर्स दोन्ही हातांत धरून उभ्यानं सांगितलं. घरी आरशासमोर चार वाक्यं नीट बसवून आणली होती, तीच बोलले. वनिता ऐकून घेत होती. माझी वाक्यं संपली तेव्हा म्हणाली, "मी विचारलं नाय, कारन हो म्हनाले आसते तर काय केलं आसतं मी? पोर सात वर्सांचा होता."

दिनकर वळला. ती त्याच्याकडे न बघता आतल्या खोलीकडे हात करून म्हणाली, "आयला पन सांगा. तिनं तवा भाकर घेतली नव्हती यांच्या हातची, तीन दिवस. तिला कमी ऐकायला येतं, मोठ्यानं सांगा."

आत कॉटवर दिनकरची आई बसली होती. सुरकुतलेली, पण नजर स्वच्छ. मी तीच चार वाक्यं म्हटली. ती म्हणाली, "कोन गेलं म्हनते?" वनिता दारातून म्हणाली, अजून मोठ्यानं. मी आयुष्यात कधी ओरडून बोलले नव्हते. आमच्याकडे त्याला वाईट समजत. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा समोरच्या घराचं दार उघडलं, दोन बायका जिन्यात आल्या. म्हातारीनं कानाला हात लावला. मग माझी बसवून आणलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. मी तिच्या कानाशी वाकले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी म्हणाले, "दिनकर चोर नाही. चूक माझी होती. मी लपवली."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"तो ह्याला चोर समजूनच गेला?"

मी हो म्हणून मान हलवली. तिनं कॉटवरचं पांघरूण बाजूला सारलं आणि जागा केली. मी बसले. वनितानं पाणी आणून दिलं. दिनकर बाहेरच्या खोलीत होता. तो रडत होता की नाक शिंकरत होता, मला कळलं नाही आणि वनितानं मला बघू दिलं नाही. तिनं मधलं दार लोटलं आणि स्वतः त्याच्यापाशी गेली.

परत येताना रिक्षात ठरवलं की मुलांना पाठवायचं ते हेच. ईरा, तुझ्या फोननं काही बिघडलं नाही. तो फोन आमच्या घरातला सगळ्यांत चांगला फोन होता. बिघडलं ते संध्याकाळी, मी शांतपणे टेबलाशी बसले होते तेव्हा. चूक सकाळी झाली, ती कुणाच्याही हातून होते. लपवली ती मात्र मी ठरवून लपवली. तुम्ही दोघं मोठे झालात की हा फरक तुम्हाला लागेल.

आणि अहो, आता तुमचं. कागदावर लिहून तुमच्यापर्यंत काही पोचत नाही, हे मला ठाऊक आहे. कागदावर तुमचा विश्वास होता, तोच तर घोटाळा झाला. इंजिनापाशी इतकी वर्षं काढून शेवटी तुम्हाला माझं हळू बोलणंही ऐकू येत नव्हतं. चारदा विचारायचात, काय म्हणालीस. पण मेधाचा आवाज तुम्हाला दुसऱ्या खोलीतून, टीव्ही चालू असतानाही ऐकू यायचा. मुलांना मराठी अक्षरं अजून नीट लागत नाहीत, त्यांना हे तीच वाचून दाखवणार आहे. म्हणून मेधा, ती पहिली, दिनकरची ओळ वाचशील तेव्हा मुलं जवळ बसली आहेत म्हणून आवाज खाली आणू नकोस. शेजारी ऐकतील, ऐकू देत. बाबांना पोचेल इतक्या मोठ्यानं वाच.